एल्फांची भावकी आणि इतर पत्रं

प्रश्न : ताई, मी दहावीत आहे. माझा मामेभाऊ बंगळुरूहून मॅजिक द गॅदरिंगचे पत्ते घेऊन आला, तेव्हापासून गल्लीतले आम्ही चौघं खेळतो. मला एल्फ (परीकथांतले टोकदार कानांचे जंगलवासी) आवडतात, म्हणून सगळा डेक एल्फांचाच केला आहे. 24 फॉरेस्ट, 30 एल्फ, 4 जायंट ग्रोथ आणि 2 तलवारी. एल्फ जवळजवळ सगळे वेगवेगळे आहेत, यादी सोबत पाठवतो. डेक दिसायला छान आहे, पण मी सारखा हरतो. दिवाळीचे आणि वाढदिवसाचे मिळून माझ्याकडे 2,000 रुपये आहेत. भाऊ म्हणतो, सगळे पैसे घालून एक क्रेटरहूफ बेहेमथ घे, तो उतरला की डाव संपतो. घेऊ का?
— इयत्ता दहावी, कोल्हापूर

उत्तर : नको घेऊस. पैसे वाचव म्हणून सांगत नाही, डेक चांगला व्हावा म्हणून सांगते.

भाऊ खोटं बोलत नाही. बेहेमथ उतरला की तुझ्या बाजूला जितके प्राणी असतील तितकी ताकद प्रत्येकात भरतो. पण त्याला आठ मॅना (पत्ता उतरवायला लागणारी शक्ती, फॉरेस्टसारखं एक लँड टर्नला एक मॅना देतं) लागतात आणि साठ पत्त्यांत तो एकटाच असणार. पाचव्या टर्नपर्यंत तुझ्या हाती फार तर बारा पत्ते येतात. साठात बारा, म्हणजे पाच डावांत एकदा त्याचं तोंड दिसेल. उरलेले चार डाव तू आज हरतोस तसेच हरशील.

तुझ्या यादीवरून मी तुझा डेक इथे टेबलावर मांडला. माझ्याकडे नव्हते त्या पत्त्यांच्या जागी चिठ्ठ्या घातल्या. दहा वेळा पिसून पहिले सात-सात पत्ते उचलले. दहातल्या सात हातांत पहिल्या टर्नला उतरवून दुसऱ्या टर्नला मॅना देईल असा एकही एल्फ आला नाही. साहजिकच आहे, तुझ्याकडे लॅनोवार एल्व्ह्ज दोन आणि एल्विश मिस्टिक एक, एवढेच तिघं आहेत. बाकीचे एल्फ दिसायला देखणे, पण एकमेकांशी त्यांचं काही देणंघेणं नाही. लग्नाच्या मांडवात चारशे माणसं जमतात म्हणून ती भावकी होत नाही. भावकीत एक माणूस वाढला की प्रत्येकाच्या वाट्यात फरक पडतो. आपल्याकडे जमिनीच्या वाटणीत तो वाटा घटतो, एल्फांमध्ये वाढतो. स्वस्तातला टोळीचा डेक या एकाच गोष्टीवर उभा राहतो : पत्ता एकटा किती ताकदवान आहे ते बघायचं नाही, तो बाकीच्यांना मोजतो का ते बघायचं.

आणि एल्फांचं भाग्य असं की असे मोजणारे पत्ते बहुतेक कॉमन, म्हणजे सहज मिळणारे आहेत.

आधी पाया. एका नावाचे चारच पत्ते ठेवता येतात, साध्या लँडला ती मर्यादा नाही, हे तुला माहीत आहे. पण नियम नावाला लागतो, कामाला नाही. लॅनोवार एल्व्ह्ज 1993 च्या अगदी पहिल्या संचातला. 1995 मध्ये आइस एजमध्ये फिंडहॉर्न एल्व्ह्ज आला आणि 2013 मध्ये एल्विश मिस्टिक. तिघांचं काम तंतोतंत एक : एका हिरव्या मॅनात उतरतो, 1/1 (ताकद एक, घाव सोसायची क्षमता एक), आणि आडवा केला, म्हणजे त्या टर्नपुरता वापरला, की एक हिरवा मॅना देतो. तीन नावं, म्हणजे चार-चार करून बारा. मी कॉलेजात गणित शिकवते, तेव्हा हे आकडे देते. एखादा पत्ता साठात एकच असेल तर पहिल्या सातांत तो येण्याची शक्यता शंभरात बारासुद्धा नाही. चार असतील तर शंभरात चाळीस. बारा असतील तर एक्याऐंशी. तुझा आजचा डेक आणि जिंकणारा डेक यांतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे, आणि तो या खेळातल्या सगळ्यात साध्या पत्त्यांनी भरून निघतो. हा खेळ रचणारे रिचर्ड गारफिल्ड स्वतः गणितात डॉक्टरेट केलेले. या पत्त्यांची शक्यता मोजायला बसले की मला ते नेहमी आठवतं.

आता मोजणारे. प्रीस्ट ऑफ टायटेनिया हा पत्ता नीट वाच. दोन मॅना, 1/1, आडवा केला की मैदानावरच्या प्रत्येक एल्फमागे एक हिरवा मॅना. हातात दोनच फॉरेस्ट आहेत असं धर. पहिल्या टर्नला फॉरेस्ट आणि लॅनोवार. दुसऱ्याला फॉरेस्ट, लॅनोवारसकट तीन मॅना झाले, त्यात प्रीस्ट आणि मिस्टिक. तिसऱ्या टर्नला लँड आलंच नाही. तरी फॉरेस्टचे दोन, लॅनोवारचा एक आणि मिस्टिकचा एक असे चार मॅना हाताशी आहेत, आणि प्रीस्टला अजून हात लावलेला नाही. त्या चारांत लिस अलाना हंटमास्टर उतरव. मग मैदानावर चार एल्फ झाले. आता प्रीस्ट आडवा कर, चार मॅना मिळतात. आधी केला असतास तर तीन मिळाले असते. प्रीस्ट नेहमी शेवटी. माझा भाचा पहिले सहा महिने सगळे पत्ते एकदम आडवे करायचा, आणि मी प्रत्येक वेळी त्याचा हात धरून थांबवायचे.

तो हंटमास्टर चार मॅनाचा, 3/3 आहे. तो मैदानात असताना तू कुठलाही एल्फ खेळलास की 1/1 चा एक एल्फ फुकटात मिळतो. म्हणजे तिसऱ्या टर्नला उरलेल्या चार मॅनात एक मॅनाचे दोन एल्फ खेळलेस तर चार अंगं वाढतात. याचे चारही पत्ते घेच.

बर्चलोर रेंजर्सकडे मुलं दुर्लक्ष करतात. दोन उभे एल्फ आडवे करून कुठल्याही रंगाचा एक मॅना. नवा उतरलेला प्राणी त्याच टर्नला आडवा करता येत नाही असं आपण शिकतो, पण ते बंधन ज्या क्षमतेच्या किमतीत आडव्या बाणाचं चिन्ह असतं तिलाच आहे. रेंजर्सच्या पत्त्यावर ते चिन्ह नाही, नुसतं वाक्य आहे. म्हणून आत्ताच आलेले, अगदी हंटमास्टरने दिलेले एल्फसुद्धा चालतात. पत्ता डोळ्यांजवळ धरून बघ, चिन्ह शोध. या खेळात वाचणाऱ्याला बक्षीस मिळतं ते असं. नेटल सेंटिनेल रेंजर्सचा जोडीदार. एका मॅनात 2/2, टर्नच्या सुरुवातीला आपोआप उभा राहत नाही, पण तू हिरवा पत्ता खेळलास की उठतो. रेंजर्ससाठी त्याला आडवा कर, हिरवा एल्फ खेळ, तो परत उभा.

तुझा भाऊ बेहेमथकडून जे काम मागतोय ते टिंबरवॉच एल्फ करतो. तीन मॅना, 1/2, आडवा केला की निवडलेल्या एका प्राण्याला टर्नपुरती मैदानावरच्या एल्फांच्या संख्येइतकी ताकद. समज, तुझे नऊ एल्फ आहेत, त्यांत दोन टिंबरवॉच. ते दोघं घरी ठेव, सात जण हल्ल्याला पाठव. समोरच्याने पाच अडवले, दोघं सुटले. आता, अडवणारे ठरल्यावर, आधी अजिबात नाही, सुटलेल्या एकावर दोन्ही टिंबरवॉच वापर. 1 अधिक 9 अधिक 9, झाले 19. दुसऱ्या सुटलेल्याचा 1. वीस. समोरच्याचं आयुष्य वीसच असतं.

एक लक्षात ठेव. प्रीस्ट, टिंबरवॉच आणि वेलविशर हे तिघंही फक्त तुझे नव्हे, मैदानावरचे सगळे एल्फ मोजतात. गल्लीतल्या आणखी कुणी एल्फ घेतले तर त्याचेही तुझ्या हिशेबात येतील, आणि तुझे त्याच्या. वेलविशर तीन घे. तो एल्फांमागे एक आयुष्य देतो, लाल डेकवाला आगीचे गोळे फेकत असेल तेव्हा त्याचा जीव वाचवणारा उपयोग आहे.

आता तुला वाईट वाटेल असं सांगते : जायंट ग्रोथ आणि तलवारी काढ. जायंट ग्रोथ एकदाच तीनची ताकद देतो आणि संपतो. त्या जागी लीड द स्टँपीड आणि वाइंडिंग वे, चार-चार. स्टँपीड तीन मॅनाचा. वरचे पाच पत्ते बघायचे, त्यांतले हवे तेवढे प्राणी हातात घ्यायचे, उरलेले तळाला. साठात पस्तीस प्राणी असतील तर सरासरी तीनच्या आसपास हाती लागतात. एका पत्त्याला तीन पत्ते! वाइंडिंग वे दोन मॅनाचा, चार पत्ते उघडतो, तू प्राणी म्हणालास तर सगळे प्राणी हातात. म्हणून डेकमध्ये प्राणी नसलेला प्रत्येक पत्ता या दोघांना कमजोर करतो. तलवार आली तर ती वाया.

फॉरेस्ट 24 वरून 17 वर आण. बारा एल्फ लँडचंच काम करताहेत. एक फॉरेस्ट आणि मॅना देणारे दोन एल्फ असा हात आला, तर समोरचा पहिला खेळत असताना मी तो ठेवते. तीन फॉरेस्ट, दोन हंटमास्टर आणि दोन स्टँपीड असा हात आला तर परत पिसते. दिसायला दुसरा हात श्रीमंत वाटतो, पण तिसऱ्या टर्नपर्यंत तो झोपलेला असतो.

यादी अशी : लॅनोवार, फिंडहॉर्न, मिस्टिक, प्रीस्ट, रेंजर्स, सेंटिनेल, टिंबरवॉच, हंटमास्टर प्रत्येकी चार, वेलविशर तीन, स्टँपीड चार, वाइंडिंग वे चार, फॉरेस्ट 17. बेरीज करून बघ.

हरशील कुणाशी? जो एका झटक्यात सगळ्यांना एक-एक घाव घालतो त्याच्याशी. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी चौथ्या टर्नला नऊ एल्फ मांडून बसले होते, हातात एक फॉरेस्ट, बाकी काही नाही. भाच्याने क्रिप्ट रॅट्स उतरवला. त्यात जितका काळा मॅना ओतावा तितका घाव प्रत्येक प्राण्याला आणि दोन्ही खेळाडूंना बसतो. त्याने एकच मॅना ओतला. नऊपैकी आठ गेले, एक टिंबरवॉच उरला, कारण तो 1/2 आहे. तेव्हापासून मैदानावर पाच-सहा एल्फ झाले की मी हातातला स्टँपीड खेळत नाही, राखून ठेवते. समोर काळा किंवा लाल डेक असेल तर तूही तसंच कर. सगळं घर एकदम रिकामं करायचं नाही.

खरेदीचा क्रम. भाव दर महिन्याला हलतात, म्हणून रुपये लिहीत नाही, पण आधी एक मॅनावाले बारा पूर्ण कर, मग प्रीस्ट, मग टिंबरवॉच आणि हंटमास्टर, मग स्टँपीड. बाकीचे पुढच्या महिन्यात आले तरी चालतील, तोवर तुझे आत्ताचे एल्फ त्या जागा भरतील. सुटे पत्ते घे, पाकिटं अजिबात नाही. विकणाऱ्याला वापरलेले आहेत का विचार. कडा पांढुरक्या झालेला प्रीस्ट स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या कव्हरात गेला की नव्यासारखाच मॅना देतो. क्विरियन रेंजर नावाचा एल्फ तुला कुणीतरी सुचवेल, योग्यच सुचवेल, तो फॉरेस्ट हातात परत घेऊन एल्फ उभा करतो. पण तो बाकीच्यांहून महाग निघाला तर सगळ्यात शेवटी घे.

तुझ्या यादीत एल्विश आर्चड्रूइड एक दिसला. गल्लीत खेळताना एका वेलविशरच्या जागी तो खुशाल ठेव, चांगला पत्ता आहे. मात्र पुढे कधी पॉपर स्पर्धेला गेलास तर काढावा लागेल. पॉपरमध्ये कधी ना कधी कॉमन म्हणून छापलेलेच पत्ते चालतात. 2019 पासून तो अधिकृत प्रकार आहे, आणि वर दिलेली यादी त्यात जशीच्या तशी बसते. बेहेमथ बसत नाही.

पन्नास डाव खेळ आणि मला परत लिही. किती जिंकलास ते नको, हरलास तेव्हा हातात काय होतं ते लिही.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. खाऊचे सगळे पैसे या पत्त्यांच्या बंद पाकिटांवर घालवतो. आत काय निघेल ते माहीत नसतं, मग हा जुगारच नाही का? बंद करू का?
— एक आई, ठाणे

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, मी ती हलक्यात घेणार नाही. पाकीट फोडण्याची जी ओढ असते तिच्यात नशिबाची चटक आहेच. मॅजिकच्या आजच्या पाकिटात 14 पत्ते असतात, त्यांतला दुर्मीळ हमखास असा एकच, आणि तो आपल्या डेकच्या उपयोगाचा असेलच असं नाही. पण खेळ आणि पाकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळ बंद करू नका, पाकीट बंद करा. त्याला सांगा, आधी कागदावर साठ पत्त्यांची यादी कर, मग त्यातले सुटे पत्ते विकत घेऊ. यादी करताना त्याला काय हवं आणि का हवं, हे तुम्हाला समजावून सांगायला लावा. तुम्हाला खेळ कळत नसला तरी चालेल. माझ्या बहिणीने भाच्याशी हेच केलं. तीन आठवडे तो रोज जेवताना तिला पत्ते समजावत होता, आणि शेवटी त्याने स्वतःच यादीतले सहा महागडे पत्ते खोडले.

प्रश्न : पत्त्यांची झेरॉक्स काढून खेळलं तर चालतं का?
— बडोदे

उत्तर : घरी, मित्रांत, डेक कसा चालतो ते पाहायला चालतं. साध्या पत्त्यापुढे चिठ्ठी ठेवून स्लीव्हमध्ये घाला, म्हणजे पिसता येईल. खुद्द कंपनीने 2016 मध्ये स्पष्ट केलं आहे की स्वतःच्या वापरापुरत्या, न विकलेल्या अशा चाचणीच्या पत्त्यांना तिची हरकत नाही. अधिकृत स्पर्धेत मात्र खरेच पत्ते लागतात. आणि खऱ्यासारखे दिसणारे नकली पत्ते कुणी विकत असेल तर घेऊ नका, पुढे ते कुणाच्या तरी हाती खरे म्हणून जातात. चिठ्ठीवर पेनाने नाव लिहिलेलं असलं की कुणाची फसवणूक होत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात माझे चमकीचे पत्ते धनुष्यासारखे वाकतात. साधे पत्ते तेवढे वाकत नाहीत. काय करावं?
— रत्नागिरी

उत्तर : कागद ओलावा पितो आणि फुगतो, वरचा चमकीचा थर पीत नाही. एक बाजू वाढते, दुसरी तेवढीच राहते, म्हणून कडा चित्राच्या बाजूला उचलतात. तुमच्याकडच्या हवेत हे होणारच. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पत्ते स्लीव्हसकट उभे न ठेवता आडवे, एकमेकांवर दाबून ठेवा. निळ्या खड्यांची पुडी असेल तर खडे गुलाबी झाले की ओलावा भरला समजा, आणि नवी घाला. लहान मुलांच्या हाताला मात्र पुड्या लागू देऊ नका. वाकलेला पत्ता इस्त्रीने सरळ करायचा प्रयत्न करू नका, चमकीचा थर सुटतो.

डेकमध्ये शक्यतो चमकीचे पत्ते घालूच नका. गठ्ठ्यात वाकलेला पत्ता पाठीवरूनही ओळखू येतो, आणि स्पर्धेत तो खूण केलेला पत्ता धरला जातो. चमकीचा प्रीस्ट डब्यात ठेवा, साधा खेळा.